एक्सएमएल वाचताना डिराइव्ह्ड क्लासची लिस्ट रिकामी येते

प्रश्न (रावेर):
नमस्कार. केळी आणि कापूस या दोन्हींच्या खरेदीच्या पावत्या नोंदवणारी प्रणाली मी सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहीत आहे. ‘शेतमाल’ हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास (ज्याची थेट वस्तू बनत नाही असा मूळ साचा) आहे. त्यापासून निघालेल्या (डिराइव्ह्ड) ‘केळी’ क्लासमध्ये घडांची संख्या, तर ‘कापूस’ क्लासमध्ये ओलाव्याची टक्केवारी आहे. व्यापाऱ्याच्या एक्सएमएल फाइलमध्ये (जिथे माहिती नावाच्या खुणांमध्ये ठेवतात) ‘मालयादी’ या घटकाच्या आत ‘केळी’ आणि ‘कापूस’ याच नावांच्या नोंदी असतात. बेस क्लासवर एक्सएमएल-इन्क्लूड ही खूण लावूनही एक्सएमएल-सिरियलायझर (एक्सएमएलमधून क्लासच्या वस्तू बनवणारे साधन) ‘शेतमाल’ची लिस्ट रिकामीच देतो आणि एररही दाखवत नाही. असे का होते?

उत्तर (धुळे):
एक्सएमएल-इन्क्लूड सिरियलायझरला एवढेच कळवतो की असे क्लास अस्तित्वात आहेत. त्यांपैकी कोणता घ्यायचा हे नोंदीवरील एक्सएसआय-टाइप या प्रकार सांगणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटवरून ठरते, आणि दुसऱ्याने तयार केलेल्या फाइलमध्ये ते सहसा नसते. आपल्या फाइलमध्ये प्रकार घटकाच्या नावातच आहे, म्हणून लिस्टच्या प्रॉपर्टीवर एक्सएमएल-अ‍ॅरे-आयटम दोनदा लावून प्रत्येक नावासमोर त्याचा क्लास द्यावा. मग एक्सएमएल-इन्क्लूडची गरज उरत नाही. नावांची अशी ओळख दिलेली नसल्याने ‘केळी’ व ‘कापूस’ हे घटक सिरियलायझरला अनोळखी होते; अनोळखी घटक तो मुकाट्याने वगळतो, म्हणूनच लिस्ट रिकामी आली आणि एरर आली नाही. पावतीतली एक नोंद गळली तरी शेतकऱ्याचे पैसे कमी निघतील, तेव्हा अनोळखी घटक आल्यावर उठणारा अननोन-एलिमेंट हा इव्हेंट पकडून तेथेच काम थांबवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर (भुसावळ):
डिराइव्ह्ड क्लासची यादी सिरियलायझरच्या कन्स्ट्रक्टरलाच (तो तयार करणाऱ्या कोडला) देण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. तो चुकीचा नाही, पण त्या कन्स्ट्रक्टरने तयार झालेली असेंब्ली (सिरियलायझरने पडद्यामागे बनवलेला कोड) पुन्हा वापरली जात नाही. प्रत्येक फाइलला नवा सिरियलायझर केल्यास मेमरी वाढतच जाते. तो मार्ग घेतल्यास सिरियलायझर एकदाच करून स्टॅटिक फील्डमध्ये (सगळ्यांसाठी एकच असलेल्या जागी) ठेवावा.

प्रश्नकर्ता (रावेर):
आभारी आहे, एक्सएमएल-अ‍ॅरे-आयटमने दोन्ही प्रकार नीट वाचले गेले. मात्र दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या फाइलमध्ये प्रत्येक नोंदीचे नाव ‘माल’ एवढेच असून प्रकार आतल्या ‘प्रकार’ या घटकात लिहिलेला आहे. तेथे काय करावे?

उत्तर (धुळे):
आतल्या घटकाचे मूल्य पाहून क्लास निवडण्याची सोय या सिरियलायझरमध्ये नाही. फाइल आधी एक्स-डॉक्युमेंटमध्ये (मेमरीतल्या, बदलता येणाऱ्या प्रतीत) वाचून प्रत्येक ‘माल’चे नाव त्याच्या प्रकारानुसार ‘केळी’ किंवा ‘कापूस’ असे बदलावे, ‘प्रकार’ हा घटक काढून टाकावा, म्हणजे अननोन-एलिमेंट हा इव्हेंट विनाकारण उठणार नाही, आणि मग तेच डॉक्युमेंट क्रिएट-रीडर या त्याच्याच मेथडमार्फत आधीच्याच सिरियलायझरला द्यावे.