क्लच पूर्ण दाबूनही कधी कधी सेल्फ लागत नाही. स्विच गेला असेल का?

डावा_पाय:
मॅन्युअल गाडी आहे, चावीने स्टार्ट होणारी. चावी फिरवते, डॅशबोर्डचे दिवे नेहमीसारखे लागतात, मागून पेट्रोल पंपाचा बारीक आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. टिक नाही, टक नाही. क्लच सोडून पुन्हा दाबला, टाच उचलून चवड्याने अगदी तळाला रेटला, की सेल्फ नेहमीच्या जोमात फिरतो. एकदा इंजिन चालू झालं की तक्रार नाही, गिअर बिनबोभाट पडतात.

गॅरेजवाला म्हणाला, सेल्फ गेलाय, अख्खा बदला. मी म्हटलं, पाय जोरात दाबल्यावर बरा होणारा सेल्फ मी तरी ऐकला नाही. मग म्हणे, ठीक आहे, क्लचचा स्विच डायरेक्ट करून देतो, क्लच न दाबता स्टार्ट होईल, कटकटच संपली. तेही पटलं नाही. आमच्याकडे गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय आहे आणि धाकटा भाऊ नुकताच चालवायला लागलाय.

तर हा स्विच नेमका असतो कुठे? मीटर आहे घरात, पण बॅटरी बघण्यापलीकडे कधी वापरलेला नाही. त्याने मला स्वतःला तपासता येईल का? आणि डायरेक्ट करणं खरंच वाईट, की मी उगाच घाबरतेय?

रिलेवाला:
ताई, सेल्फला हात लावू नका.

सेल्फ खराब असला तर तो बहुतेक वेळा काहीतरी बोलतो. सॉलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) टक करून थांबतो, नाहीतर मोटर कण्हत फिरते. बॅटरी उतरली असेल तर टिकटिक होते आणि दिवे मंदावतात. तुमच्याकडे दिवे लख्ख आणि पूर्ण शांतता, म्हणजे सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. त्यात पाय रेटला की काम होतं, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. निदान तिथंच अर्धं झालं.

हुकमाची वाट अशी: चावीच्या स्टार्ट पोझिशनवरून क्लचच्या स्विचकडे, तिथून रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) कॉइलला (८५ आणि ८६ नंबरच्या पिना). कॉइल ओढली गेली की रिलेचे ३० आणि ८७ जुळतात आणि सॉलेनॉइडच्या ५० नंबरला १२ व्होल्ट मिळतात. काही गाड्यांत स्विच कॉइलच्या अर्थिंगच्या बाजूला असतो. नव्या गाड्यांत तो फक्त ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळवतो आणि रिले ईसीयू ओढतो. सेल्फचा शंभर-दोनशे अँपिअरचा करंट या स्विचच्या आसपासही फिरकत नाही, म्हणून तर तो एवढासा प्लॅस्टिकचा असतो.

आता खाली वाका. आधी मॅट बघा. मॅटची घडी पेडलखाली सरकली की पेडल तळाला टेकत नाही आणि स्विच बिचारा वाट बघत राहतो. हे ऐकायला फालतू वाटतं, पण यावर लोकांनी सेल्फ बदललेले आहेत.

मॅट ठीक असेल तर टॉर्च घेऊन पेडलच्या दांडीच्या वरच्या टोकाकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे दोन स्विच असतात आणि इथेच माणसं फसतात. एक स्विच पाय काढलेला असताना दाबलेला राहतो. तो क्रूझ कंट्रोलसाठी आणि ईसीयूला 'क्लचवर पाय आला' हे सांगण्यासाठी. दुसरा पेडल तळाला गेल्यावरच दाबला जातो. सेल्फचा तो. पहिलाच स्विच काढून तपासत बसलात तर तो नेहमी चांगलाच निघणार.

ज्या जागी स्विचचा प्लंजर (दाबली जाणारी खुंटी) टेकतो तिथे पेडलच्या पट्टीत एक भोक असतं आणि त्यात रबराचं किंवा प्लॅस्टिकचं छोटं बटण बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते ठिसूळ होतं, फुटतं, आणि प्लंजर दाबला जाण्याऐवजी भोकातून आरपार जातो. स्विच ठणठणीत, वायरिंग ठणठणीत, गाडी बंद. कार्पेटवर पेडलच्या मागे ठिसूळ चुरा सापडला तर मीटर काढायचीही गरज नाही.

चुरा नसेल तर मीटर. चावी बंद करा, खालच्या, म्हणजे सेल्फच्या स्विचचा कपलर (वायरींचा जोड) काढा, मीटर बझरवर ठेवा, दोन्ही टोकं स्विचच्या दोन पिनांना लावा. प्लंजर बोटाने हळूहळू दाबा. दाबल्यावर बीप आली पाहिजे आणि बोट जरा हलवलं तरी तुटता कामा नये. तुटत असेल तर आतले पॉइंट गेले, स्विच बदला. बोटाने स्वच्छ बीप येते पण पेडल दाबल्यावर येत नाही, असं असेल तर दोष बटणात किंवा ॲडजस्टमेंटमध्ये. चार पिना असतील तर दाबल्यावर जी जोडी बदलते ती तुमची. काही गाड्यांत मात्र असा स्विचच नसतो, क्लचच्या मास्टर सिलिंडरवर सेन्सर असतो. त्याला बझर लावून काही कळत नाही, तिथे स्कॅनरच लागतो.

पिवळे कपलर दिसले तर त्यांना टेस्ट लँपही लावायचा नाही आणि मीटरही नाही. ते एअरबॅगचे.

आणि हो, चावी फिरवताना रिलेचा टक आवाज येतोय का, हे कुणाला तरी बॉनेटजवळ उभं करून ऐकायला सांगा. रिले वाजतोय आणि सेल्फ फिरत नाही, असं असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि सॉलेनॉइडची बारीक वायर तपासा.

जुनी_डिझेल:
मी माझ्या गाडीत हा स्विच कधीच डायरेक्ट केलाय, आजवर काही झालं नाही. जुन्या गाड्यांत हा प्रकारच नव्हता, तेव्हा माणसं न्यूट्रल चेक करायची. शिवाय क्लच दाबून स्टार्ट केलं की त्याचा सगळा रेटा क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या) येतो, आणि त्या क्षणी तिथे ऑइलचं प्रेशर नसतं. मग क्लच दाबायची सक्ती कशाला? आणखी एक. रेल्वे फाटकावर इंजिन बंद पडलं तर पहिला गिअर टाकून नुसत्या सेल्फवर गाडी पुढे काढता यायची. हा स्विच आल्यापासून तीही सोय गेली.

रिलेवाला:
थ्रस्ट बेअरिंगचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. पण दुसरी बाजूही आहे. थंडीत गिअरबॉक्सचं ऑइल घट्ट झालेलं असतं. क्लच दाबला नाही तर न्यूट्रलमध्येसुद्धा सेल्फला इंजिनबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही त्या ऑइलातून फिरवावा लागतो. उतरत आलेल्या बॅटरीला तेवढंही जड जातं. यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. मी भांडत नाही, क्लच दाबतो.

फाटकाचा मुद्दाही बरोबर, आणि कंपन्यांनाही तो माहीत आहे. टोयोटाच्या काही मॅन्युअल फोर बाय फोर गाड्यांत 'क्लच स्टार्ट कॅन्सल' नावाचं बटणच दिलेलं असतं. खडकाळ चढावर इंजिन बंद पडलं की ते दाबायचं आणि क्लच न दाबता, गिअरमध्येच सेल्फ मारायचा. पण ते ड्रायव्हर जाणूनबुजून दाबतो. डायरेक्ट केलेल्या गाडीत ते कायमचं दाबलेलं असतं आणि पुढच्या माणसाला पत्ताही नसतो.

कुणीतरी खिडकीतून हात घालून, नुसती गाणी लावायला म्हणून चावी फिरवतं. गाडी पहिल्यात. कार्ब्युरेटरची जुनी गाडी बहुतेक वेळा एक गचका मारून थांबायची. इंजेक्शनची गाडी तिथल्या तिथे पकडते आणि हँडब्रेक सैल असेल तर चालायलाच लागते. समोर कोण उभं आहे ते तिला माहीत नसतं. तुम्ही एकटे चालवत असाल तर तुमचं तुम्ही बघा. ताईंच्या घरी नवा ड्रायव्हर आहे आणि गाडी गिअरमध्ये उभी राहते. तिथे मी हा स्विच डायरेक्ट करणार नाही, कुणी सांगितलं तरी.

शिवाय इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सिस्टिम ज्या गाडीत असते, तिथे क्लचच्या आणि न्यूट्रलच्या सिग्नलवरच सगळा खेळ चालतो. तिथे वायर जोडून ठेवली तर ईसीयूला क्लच सतत दाबलेला दिसतो आणि वॉर्निंगचा दिवा लागू शकतो.

ताई, तोवर वाटेत अडकलात तर धक्का स्टार्ट चालेल. त्यात सेल्फच नाही, त्यामुळे स्विचही नाही. इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा आणि पकडली की लगेच परत दाबायचा.

दहाचा_पाना:
ॲडजस्ट होणारा स्विच असेल तर लॉक नट सैल करायच्या आधी किती आटे बाहेर दिसतात त्याचा फोटो काढून ठेवा. आणि लवकर बीप यावी म्हणून स्विच फार पुढे घेऊ नका. इंजिन चालू असताना क्लच कुठे पकडतो ते पायाला कळतंच. बीप त्या जागेच्या बरीच खाली आली पाहिजे. क्लच पुरता सुटायच्या, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं व्हायच्या आतच सेल्फ लागायला लागला तर स्विच असून नसल्यासारखा.

डावा_पाय:
मॅट निर्दोष. चुरा सापडला! पेडलच्या मागे कार्पेटच्या कडेला, मी तो इतके दिवस वाळलेला चिखल समजत होते. खालच्या स्विचचा कपलर काढून बोटाने दाबला तर बीप अगदी स्वच्छ. पेडलच्या भोकात बटणाचा अर्धाच तुकडा अडकलेला, त्यामुळे प्लंजर कधी त्यावर टेकायचा, कधी बाजूने निसटायचा. 'कधी कधी'चं कोडं तिथं सुटलं. तूर्त गोल डोक्याचा छोटा बोल्ट नट लावून बसवलाय, सेल्फ दर वेळी लागतोय. बटण मागवलंय.

एक विचारायचं राहिलं. वरच्या स्विचसमोरचं बटणही पिवळं पडलंय आणि त्याला चीर आहे. दोन्ही एकाच मापाची असतात का? आणि ते फुटलं तर पुन्हा गाडी बंद पडेल?

रिलेवाला:
पुष्कळदा एकच असतं, पण चासी नंबर देऊनच मागवा. भोकाच्या मापात जरा फरक असला तरी बटण बसत नाही, बसलं तरी टिकत नाही. वरचं फुटलं तर सेल्फ लागेल, पण ईसीयूला क्लच कायम दाबलेला वाटेल, म्हणजे क्रूझ लागणार नाही. दोन्ही एकदमच बदला, तिथे पुन्हा उलटं झोपायची वेळ येऊ नये. बोल्टचा नट मात्र नीट आवळा. तो सुटून पेडलखाली पडला तर क्लच तळाला जाणार नाही.