नॉर्वेजियन 'रुल्लेशी' शब्द कुठून आला?

मनमौजी: ओस्लोत उन्हाळ्यात लोक छोट्या चाकांच्या पट्ट्या पायाला लावून, हातात काठ्या घेऊन चक्क डांबरी रस्त्यावर स्कीइंग करतात, त्याला 'रुल्लेशी' म्हणतात, मूळ काय असेल याचं? आणि स्कीला हे लोक 'शी' का म्हणतात??

शब्दवेडी: उच्चार आधी सांगते. नॉर्वेजियनमध्ये इ च्या आधी स्क आला की बहुतेक वेळा श होतो, म्हणून स्की चं शी. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला 'स्कीद', म्हणजे फोडलेलं लाकूड, ओंडका चिरून काढलेली फळी, आणि पूर्वी स्की अशाच फळीच्या बनायच्या. तिकडच्या खेड्यांत चिरलेल्या लाकडांचं तिरकं कुंपण असतं ना, त्याला 'शीगार' म्हणतात, तेही ह्यातूनच. आता खरी गंमत, हे मूळ चिरणे-फोडणे या अर्थाचं आहे आणि संस्कृतमधला छिद् धातू, आपला छेद, त्याच कुळातला मानतात! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप नाही आली.

मनमौजी: भारीच! आणि रुल्ले?

भाऊ_नाशिक: रुल्ले म्हणजे रोल करणं, घरंगळणं. ते मूळचं नॉर्वेचं नाही, लॅटिन 'रोटुला' म्हणजे छोटं चाक, तिथून फ्रेंच, मग जर्मन बोलींतून वर गेलं. रोटुला आलं 'रोटा'वरून, म्हणजे चाक, आणि रोटाचा सख्खा नातेवाईक आपला रथ.

शब्दवेडी: म्हणजे एका शब्दात रथ पण आणि छेद पण, किती सुंदर आहे हे