मदत हवी आहे: ९ वर्षांच्या मुलीसाठी मराठी चित्रकथा

नमस्कार मंडळी. लेक इंग्रजी माध्यमात आहे. मराठी वाचते, पण जोडाक्षरं आली की अडखळते आणि पुस्तक मिटते. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आम्ही पानं सुटेपर्यंत वाचलं. आता ते तिला ‘छोट्यांचं’ वाटतं. फास्टर फेणे दिला, तर सलग मजकूर बघूनच दमते.

मधलं काहीतरी हवंय: चौकटींत चित्रं, फुग्यांत संवाद, घरात बोलतो तशी मराठी. अमर चित्र कथा आहेत, पण तिला आजची, शाळेतली, गल्लीतली मुलं हवीत. रात्री आजी, ती आणि मी पात्रं वाटून घेऊन मोठ्यानं वाचतो (आजीचा राक्षस फार भारी!), त्यामुळे तिघींनाही रमवेल असं सुचवा. पुण्यात अशी पुस्तकं चाळून कुठे घेता येतील?