प्रति: बोलल्याशिवाय कसं कळणार?

"तोंडाने सांगितल्याशिवाय लोकांना येशू कळणार कसा" असं वर कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही बुवा. माहीमला आमच्या शेजारी ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक) आंटी होत्या, आईचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस डबा त्यांच्याकडून, आणि मंगळवारी आमच्यात मासे चालत नाहीत म्हणून त्या दिवशी आठवणीने वरणभात, वर लिंबाची फोडसुद्धा. धर्माबद्दल चकार शब्द नाही.

शेवटी आईनेच विचारलं, दर बुधवारी कुठे जाता हो? मग त्यांच्याबरोबर माहीमच्याच सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला, म्हणजे मदर मेरीच्या दर बुधवारच्या प्रार्थनेला गेली (१९४८ पासून चालू आहे तो, हिंदू बायकाही भरपूर येतात). धर्मबिर्म नाही बदलला तिने, पण आंटी गेल्यावरही बुधवारी जाते, त्यांच्या नावाची एक मेणबत्ती लावून येते.