सीईटी बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा प्रॅक्टिकलचे गुण बघावेत

तपासनीस :
परवा एका सदस्याने लिहिलं, "सीईटी, नीट, जेईई या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षा सगळ्या बंद करा, बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या. क्लासवाल्यांची दुकानं एका रात्रीत बसतील आणि खेड्यातल्या पोराला न्याय मिळेल." खाली ढीगभर +१. प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालो. बोर्डाचे पेपर तपासले, नियामक म्हणूनही, म्हणजे इतरांनी तपासलेले पेपर पुन्हा बघायला, बसलो. बारावीचे गुण कसे तयार होतात ते आतून पाहिलंय.

फिजिक्सच्या १०० पैकी ३० प्रॅक्टिकलचे. केमिस्ट्रीचे ३०. गणितात २० अंतर्गत. म्हणजे पीसीएमच्या ३०० पैकी ८० गुण कॉलेजातल्या कॉलेजात ठरतात. प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक येतो, हो. तो शेजारच्या कॉलेजातून येतो आणि पुढच्या आठवड्यात आपला माणूस त्याच्याकडे जातो. चहापोहे होतात. कुणाला २० दिले तर प्राचार्य केबिनमध्ये बोलावून विचारतात, "सर, काही प्रॉब्लेम?" ज्याने व्हर्निअर हातात धरला नाही त्यालाही २८.

हे गुण निकालाचं काय करतात ते दहावीत सगळ्यांनी पाहिलंय. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषांचे तोंडीचे गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. पालक, संस्थाचालक, पुढारी सगळ्यांनी गळा काढला. २०२० ला गुण परत, निकाल ९५.३०. पोरं वर्षभरात हुशार झाली काय?

उरले लेखीचे. एकच उत्तरपत्रिका दोघा परीक्षकांना द्या, पाच-सहा गुणांचा फरक सहज पडतो. पास-नापास ठरवायला तेवढ्याने बिघडत नाही. पण चांगल्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या जागेला पाच-सहा गुणांत रांगच्या रांग उभी असते. दिल्लीचं आठवा. २०२१ ला हिंदू कॉलेजात राज्यशास्त्राचा कटऑफ १०० टक्के. शंभरवाल्यांत निवड कशी करणार, चिठ्ठ्या टाकून? पुढच्याच वर्षी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आणावी लागली.

बारावी ही पोरगं शिकलं की नाही एवढं सांगायची परीक्षा आहे. तिच्यावर रांग लावू नका.

दोन_मुलांची_आई :
मास्तर, तुम्ही ८० गुण मोजलेत, आमचे पैसे कोण मोजणार? थोरल्याला 'इंटिग्रेटेड'ला घातलं. कॉलेज कागदावर आमच्या तालुक्याला, पोरगा हॉस्टेलवर, दिवसभर क्लासमध्ये. कॉलेजचं तोंड बघितलं ते फॉर्म भरायला आणि तुमच्या त्या प्रॅक्टिकलला. दोन वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, टेस्ट सिरीज धरून सोयाबीनचे दोन हंगाम गेले. धाकटीला घरीच ठेवलं. बारावीला ती थोरल्याच्या पुढे आणि सीईटीला त्याच्या कितीतरी मागे. मग सीईटीने काय मोजलं, डोकं की फी?

आणि २८ गुण फुकट वाटायची वेळ का आली तेही सांगा की. पोरं वर्गात असतात का? सीईटीवरच्या प्रवेशाला बारावीचे नुसते ४५ टक्के पुरतात म्हटल्यावर प्रयोगशाळेत कोण पाय ठेवील? तुमची कॉलेजं सीईटीनेच ओस पाडली. आता तुम्हीच म्हणता, बघा, कॉलेजच्या गुणांवर भरवसा नाही!

तपासनीस :
ताई, कॉलेजं ओस पडली हे खरं. २०१८ ला सरकारने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. आमच्याकडे पोरं सकाळी अंगठा लावून क्लासला पळायची. पण २८ ची खिरापत त्याच्याही आधीची आहे. सीईटी नसताना, निव्वळ बारावीवर मेडिकल मिळायचं तेव्हाही ती होतीच. उलट तेव्हा प्रॅक्टिकलच्या एकेका गुणासाठी वशिले लागायचे. आज २८ फुकट मिळतात, कारण त्यांना किंमत नाही. किंमत आली की विकायला निघतील.

थेम्सकाठी :
इकडे इंग्लंडात बहुतेक प्रवेश ए-लेव्हलच्या, म्हणजे इकडच्या बारावीच्या, गुणांवरच होतात आणि व्यवस्थित चालतात. अर्थात ऑक्सफर्ड-केंब्रिज बऱ्याच विषयांना वेगळी चाचणी घेतात. २०२० ला परीक्षा झाल्या नाहीत तेव्हा शिक्षकांनी दिलेले गुण संगणकी सूत्राने कापले, पोरं रस्त्यावर उतरली आणि सरकारला चार दिवसांत माघार घ्यावी लागली. मुद्दा असा की...

मांजराकाठचा :
साहेब, मुद्दा असा की आमच्याकडे २०२१ ला परीक्षा न घेता बारावीचा निकाल ९९.६३ टक्के लागला आणि कुणी रस्त्यावर उतरलं नाही. उतरेल कशाला?

पर्वतीपायथा :
तपासनीस यांच्याशी १०० टक्के सहमत. एक मुद्दा राहिला. परीक्षेच्या दिवसांत मराठवाड्यातल्या केंद्रांचे फोटो बघा. भिंतीवर चढलेले भाऊ, खिडकीतून चिठ्ठ्या. त्या गुणांवर आमच्या मुलांशी स्पर्धा लावायची? सीईटी हवीच.

मांजराकाठचा :
आलं! एवढ्या उशिरा कसं आलं याचंच नवल.

पर्वतीवाले, फोटो बघून जिल्हे ओळखता व्हय? २०२३ ला बारावीच्या गणिताचा पेपर फुटला तो सिंदखेडराजाला, म्हणजे बुलढाण्यात. विदर्भ. कॉपीमुक्तीचं काम गाजलं ते नांदेडचं, श्रीकर परदेशी कलेक्टर असताना. तुमच्या आधी आम्हीच झाडू मारलाय. आणि कॉपी करून बारावी निघंल, नीट कशी निघंल? लातूरला पोरं पहाटेपासून अभ्यासिकेत बसतात. तुमच्याकडचे पालकसुद्धा आता पोरांना घेऊन लातुरात भाड्याने राहतात, घरमालकांना विचारा.

पर्वतीपायथा :
२०२४ च्या नीट प्रकरणात लातूरचेच शिक्षक पकडले गेले होते ना? सहज आठवलं.

मांजराकाठचा :
जिल्हा परिषदेचे दोन शिक्षक, हो. त्यात हजारो पोरांचा काय गुन्हा? आणि नीट पण फुटते तर मास्तरांचा मुद्दा गेला की पाण्यात. बोलायचं तर पुरं बोला. २०२० पर्यंत मेडिकलला ७०:३० होतं. ज्या भागात बारावी केली त्याच भागातल्या कॉलेजात ७० टक्के जागा. मराठवाड्यात सरकारी कॉलेजं तेव्हा चार : औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. राहिलेलं सगळं तुमच्या बाजूला. आमचं पोरगं जास्त गुण घेऊन घरी आणि पुण्या-मुंबईचं कमी गुणांवर डॉक्टर. तेव्हा कुठं गेली होती तुमची गुणवत्ता?

वऱ्हाडी_ठेचा :
ओ भाऊ, बुलढाण्याचं नाव घेऊन विदर्भाले काहून ओढता मधात? ७०:३० गेलं तं तुमी गुलाल उधळला. आमच्या गोंदिया-चंद्रपूरच्या पोराचं काय झालं कोणी इचारलं? नागपूर, यवतमाळ, अकोल्याच्या जागांवर आता लातूरचे क्लास केलेले पोरं. आमच्याकडे कॉलेजं हायेत, क्लास नाहीत. इलाकेनिहाय कोटा आमाले पायजे होता.

मांजराकाठचा :
म्हणजे पोरांनी लातुरात अभ्यास केला हा गुन्हा? एक राज्य, एक यादी. कुणाला भ्यायचं कारण काय?

वऱ्हाडी_ठेचा :
एक यादी म्हणता ना? मंग वैधानिक विकास मंडळं कायले मांगत होते? त्याची मुदत एप्रिल २०२० ले संपली. तवा मराठवाडा बी रडला न विदर्भ बी. पैशाच्या वाटपात मागास आणि मेडिकलच्या यादीत पुढारलेले, असं कसं राजेहो?

मांजराकाठचा :
पाण्याचा, रस्त्याचा अनुशेष वेगळा आणि पोरांच्या डोक्याचा वेगळा. डोक्यात अनुशेष नाही आमच्या.

वऱ्हाडी_ठेचा :
मंग आमच्या हाय काय? सांभाळून बोला.

रातांबा :
भांडा, भांडा. बोर्डाच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला. बारावीच्या गुणांवर गुणवत्ता ठरत असेल तर राज्यातली सगळी हुशार पोरं सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जन्माला येतात असं जाहीर करा आणि गप्प बसा. मात्र क्लासच्या फ्लेक्सवर आमच्या पोरांचे फोटो दिसत नाहीत. आता चूक कुठली परीक्षा?

मधलीवाट :
सोपा उपाय आहे, कुणी बोलत कसं नाही? अर्धे गुण बारावीचे, अर्धे सीईटीचे.

तपासनीस :
झालंय करून. २०१४ आणि २०१५ ला आपल्याकडे इंजिनिअरिंगची यादी अशीच लागली : अर्धी बारावी, अर्धी जेईई मेन. २०१६ ला परत सीईटी. जेईईच्या रँकमध्येही २०१३ ते २०१६ बारावीला ४० टक्के वजन होतं. सगळ्या बोर्डांचे निकाल गोळा करून एका मापात बसवता बसवता रँक लागायला जूनअखेर, कधी जुलै उजाडायचा. २०१७ पासून सोडून दिलं. पोरांनी क्लास काही सोडले नाहीत, बारावीचा क्लास वेगळा लावला.

चेन्नईकर :
सगळे महाराष्ट्रात फिरताय. तमिळनाडूने २००६ ला कायदा करून प्रवेश परीक्षा काढून टाकली. इंजिनिअरिंग आजही बारावीवर : गणित १००, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, एकूण २००. मेडिकलही नीट येईपर्यंत तसंच होतं. इथली इस्पितळं बंद पडली नाहीत, अण्णा विद्यापीठाच्या पोरांना नोकऱ्याही मिळतात. राज्यभरची मंडळी उपचाराला चेन्नईला येतात ती याच डॉक्टरांकडे.

दोन_मुलांची_आई :
घ्या. मास्तर, आता बोला.

तपासनीस :
बोलतो. दोनशेपैकी दोनशेवाले तिथेही निघतात, मग जन्मतारखेपर्यंत जाऊन नंबर लावावा लागतो, ते सोडून देऊ. मोठी गोष्ट पुढे आहे. नीटमुळे सरकारी शाळेतली पोरं मेडिकलला दिसेनाशी झाली म्हणून २०२० ला त्यांच्यासाठी साडेसात टक्के जागा ठेवल्या. योग्यच केलं. पण २०२१ ला तोच साडेसात टक्क्यांचा कायदा इंजिनिअरिंगलाही करावा लागला. इंजिनिअरिंगला नीट नाही, सीईटी नाही, पंधरा वर्षं निव्वळ बारावी. मग तिथे सरकारी शाळेतली पोरं का मागे पडली? बारावीच्या गुणांसाठीही खाजगी शाळांचे कारखाने उभे राहिले म्हणून. अकरावीच्या वर्षातच बारावी घोटून घेणाऱ्या शाळा तिथल्याच ना, चेन्नईकर?

चेन्नईकर :
नामक्कलच्या शाळांची तेवढी ख्याती आहे, नाकारत नाही. तरी गावातल्या पोरापुढे पाठ्यपुस्तक तरी होतं. तुमच्या परीक्षेत तेही नाही.

तपासनीस :
एमएचटी-सीईटी पाठ्यपुस्तकावरच असते हो. ८० टक्के बारावीचं, २० टक्के अकरावीचं. निगेटिव्ह मार्किंगसुद्धा नाही.

दोन_मुलांची_आई :
पाठ्यपुस्तकावरची म्हणे! पुस्तक एकच, पण दीड मिनिटात उत्तराला टिक करायची सवय पुस्तकातून लागते का? आणि २०२५ च्या एप्रिलमधल्या त्या गणिताच्या पेपरचं काय? एकवीस प्रश्नांचे पर्याय चुकलेले, मे महिन्यात फेरपरीक्षा. माझ्या धाकटीच्या मैत्रिणी त्याच सत्रात होत्या. घड्याळाकडे बघत रडत बसल्या. बोर्डात पेपर चुकला तर निदान त्या प्रश्नाचे गुण तरी देतात.

तपासनीस :
तो पेपर काढणाऱ्यांना माझ्या प्रॅक्टिकलला बसवलं असतं तर २८ मिळाले नसते, एवढं कबूल.

दोन_मुलांची_आई :
आलात जमिनीवर. मग सरळ सांगा ना. बारावीवर घेतलं तरी झेडपीच्या शाळेतलं पोर मागे, सीईटीवर घेतलं तरी मागे. जागा वेगळ्या ठेवल्याशिवाय ते आत जात नाही. हे मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं असतं तर 'गुणवत्ता, गुणवत्ता' करत सगळे अंगावर आला असता.

पर्वतीपायथा :
अजूनही येऊ. आणखी एक कोटा? उरलेल्या जागा मोजायला भिंग लागेल.

तपासनीस :
पर्वतीवाले, मॅनेजमेंटच्या २० टक्के जागा त्याच भिंगातून बघा, मोठ्या दिसतील. ताई, ठेवा साडेसात टक्के, माझी हरकत नाही. पण त्या जागांची आतली यादी कशावर लावणार? पुन्हा सीईटीवरच ना?

दोन_मुलांची_आई :
लावा सीईटीवर. झेडपीतली पोरं झेडपीतल्या पोरांशीच भिडतील, तेवढं चालेल. बाकी बारावीला ४५ ऐवजी निदान ६० टक्क्यांची अट ठेवा, म्हणजे कॉलेजात दिवे तरी लागतील.

तपासनीस :
लेखीत ६० म्हणा, प्रॅक्टिकल धरून नको. मग सही करतो.

वऱ्हाडी_ठेचा :
तुमच्या सह्या होऊ द्या. गोंदियाच्या पोरानं क्लास कुठं लावाचा, याचं उत्तर मांजराकाठून अजून आलं नाही.

मांजराकाठचा :
लातूरला यावं. माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे, भाडं माफक.