एकटाच खरा, बाकी सगळे नट: अशा कार्यक्रमांना हसावे का?

प्रश्न – धरमपेठकर, नागपूर
अमेरिकेत २००३ साली आलेल्या ‘द जो श्मो शो’मध्ये एकच स्पर्धक खरा होता, बाकी सगळे नट आहेत आणि स्पर्धाच बनावट आहे, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्याकडे मुले तो पाहताना पोट धरून हसतात. आई मात्र संवाद नीट ऐकू यावेत म्हणून कूलर बंद करते आणि ‘त्याला कोणी सांगत का नाही?’ असे विचारत राहते. आपले मत काय?

प्रतिसाद – महालवासी
मी आईंच्या बाजूचा आहे. ब्रिटनच्या चॅनल ४ ने २००५ मध्ये ‘स्पेस कॅडेट्स’साठी काही तरुणांना रशियात आणल्याचे भासवून प्रत्यक्षात इंग्लंडमधल्या सफोकमध्ये ठेवले, बनावट अंतराळयानात बसवले आणि वजनरहित अवस्था का जाणवणार नाही, याचे कारणही आधीच गळी उतरवले. भोळेपणाची एवढी खर्चिक थट्टा मला रुचली नाही.

प्रतिसाद – सीताबर्डीकर
सरसकट नाक मुरडू नये. २०२३ च्या ‘ज्युरी ड्यूटी’ या बनावट खटल्याच्या कार्यक्रमात ज्युरीत (खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात) बसलेला रोनाल्ड ग्लॅडन सोडून न्यायाधीशांसह सगळे नट होते, तरीही हसू येते ते त्या नटांच्या विक्षिप्तपणाचे, कारण ग्लॅडन प्रत्येकाला सांभाळून घेतो.

प्रतिसाद – महालवासी
मान्य, पण त्याने संमती दिली होती ती माहितीपटाच्या चित्रीकरणाला. खटलाच खोटा आहे, हे त्याला कुठे सांगितले होते?