शब्दचर्चा: ‘रिझर्व्हिस्ट’ना ‘कॉल-अप’ म्हणजे मराठीत काय?

प्रश्न: १३ जुलै २०२३ च्या बायडन यांच्या आदेशावर लिहितेय. अमेरिकी लष्कराच्या युरोपातल्या ‘अटलांटिक रिझॉल्व्ह’ मोहिमेसाठी ३,००० पर्यंत रिझर्व्हिस्ट बोलावायची मुभा त्यात आहे. ‘राखीव दलाला पाचारण’ चालेल का?

प्रतिसाद: ‘राखीव दल’ नको. ते वाचलं की आपल्याला एसआरपीची निळी गाडी आठवते, आणि ते तर पूर्णवेळ पगारी पोलीस. अमेरिकेतला हा माणूस एरवी बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करतो, महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षाकाठी दोनेक आठवडे सरावाला जातो. ‘राखीव सैनिक’ म्हणा.

प्रतिसाद: माझी हरकत ‘पाचारण’ला. लष्कराला पाचारण होतं ते पुरात किंवा दंगलीत. बायडन यांनी वापरलेल्या अमेरिकी कायद्यातल्या कलम १२३०४ ला (राखीव सैनिक बोलावण्याचा अधिकार देणारं कलम) नेमकं तेच वर्ज्य आहे. दंगल मोडायला ते वापरता येत नाही, आणि दहशतवादी हल्ल्यासारखे अपवाद सोडले तर आपत्तीतल्या मदतीलाही नाही. साधं ‘सेवेत बोलावणं’ बरं.

प्रतिसाद: ‘सक्तीची भरती’ही कुठे कुठे वाचलंय. ते साफ चूक. ही मंडळी राजीखुशीने सही करून आलेली असतात. हुकूम निघाल्यावर मात्र ‘जमणार नाही’ म्हणायची सोय नाही.

प्रश्नकर्ती: मग ‘मोबिलायझेशन’? तेही हेच ना?

प्रतिसाद: नाही, तिथे पायऱ्या आहेत. १२३०४ खाली आणीबाणी जाहीर करावी लागत नाही. मर्यादा २ लाख माणसं आणि ३६५ दिवस. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी पुकारली की १० लाखांपर्यंत, सलग २४ महिने. धाकट्या बुश यांनी १४ सप्टेंबर २००१ ला हीच वाट धरली. त्याला ‘अंशतः जमवाजमव’ म्हणा. ‘पूर्ण जमवाजमव’ करायची तर संसदेने युद्ध किंवा आणीबाणी जाहीर करायला हवी. (‘काँग्रेस’ लिहू नका, आपल्याकडे भलताच अर्थ लागेल.) १२३०४ च्या अधिकाराची सुरुवात १९७६ मध्ये झाली तेव्हा मर्यादा ५०,००० माणसं आणि ९० दिवस एवढीच होती. चंचुप्रवेशच म्हणायचा! पहिला वापर ऑगस्ट १९९० मध्ये, कुवेतवरून पेटलं तेव्हा.

प्रश्नकर्ती: त्या ३,००० मध्ये ४५० पर्यंत ‘इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह’चे आहेत. त्यांना ‘माजी सैनिक’ म्हणू?

प्रतिसाद: नको! सैन्यातली बांधिलकी साधारण आठ वर्षांची असते. समजा चार वर्षं नोकरी करून एखादा घरी आला. सराव नाही, गणवेश कपाटात, पण उरलेली चार वर्षं नाव पटावर राहतं. ‘पटावरचे राखीव सैनिक’ कसं वाटतं?

प्रश्नकर्ती: छान आहे. तर मग: ‘बायडन यांनी ३,००० राखीव सैनिकांना सेवेत बोलावलं.’

प्रतिसाद: ‘पर्यंत’ कुठे गेलं? आणि बोलावलं नाही, संरक्षणमंत्र्यांना बोलावण्याचा अधिकार दिला. तेवढं दुरुस्त करा.